टबाचा काठ

"आठ जेट की बारा, महाराज? तुम्ही सांगाल ते घेतो."

"जेट म्हणजे?"

"पाण्याची धार. टबाच्या भिंतीतून जोरात येते. अंग दाबून दिल्यासारखं होतं. खाली पंप असतो."

"टब..."

"आंघोळीचा, महाराज."

बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, ओवरीत तेव्हा आम्ही तिघंच होतो. चातुर्मासासाठी गावात राहिलेले मुनिमहाराज, त्यांच्यासमोर भरतेश चौगुले, आणि कपाटापाशी पोथ्यांना बासनं बांधत बसलेला मी.

महाराजांना दीक्षा घेऊन एकतीस वर्षं झाली होती. दिगंबर मुनी आंघोळ करत नाहीत, ते त्यांचं व्रतच असतं. एकतीस वर्षांत त्यांच्या अंगावर पाणी पडलं असेल तर ते वाटेत गाठलेल्या पावसाचं.

हे भरतेशच्या लक्षात आलं. पण बोलून झालं होतं.

"चुकलं का महाराज?"

"नाही. सांग पुढं."

भरतेश माझ्याच वर्गातला. हायवेला त्याची फाउंड्री आहे, घरात बायको राजमती, भाऊ आणि वहिनी. महाराज गावात आल्यापासून रोज दुपारी स्वाध्यायाला यायचा आणि पहिल्या ओळीत बसायचा. महाराजांना विचारल्याशिवाय मी काही करत नाही, असं चारचौघांत सांगायचा. आणि खरोखर विचारायचाही. बहुतेक वेळा ठरवून झाल्यावर.

त्यानं पिशवीतून कॅटलॉग काढले आणि फरशीवर पसरले.

"राजमतीचा संधिवात तुम्हाला माहीत आहे. सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्यात बसवा. म्हणून मागं नवीन न्हाणीघर काढलंय. टब कुठला ते ठरलं की प्लंबर पाइप टाकणार. तो खोळंबलाय."

"मग ठरव."

"दोन महिने अभ्यास केला, महाराज. अकरा टब बघितले. सांगली, कोल्हापूर, पुणे. लांबून नाही बघितले. बूट काढून प्रत्येकात झोपलो."

"पाण्यात?"

"शोरूममध्ये पाणी कुठलं? कोरड्यातच."

महाराजांनी मान हलवली.

"शेवटी दोन उरलेत. दोन्ही तीनशे वीस लिटरचे. आठवाल्याला पाठीला चार जेट, कमरेला चार. बारावाल्याला तळपायाला चार जास्त. मला बारावाला बरा वाटतो. पण तुमच्या तोंडून आलं, की झालं."

महाराज बराच वेळ कॅटलॉगमधल्या चित्राकडे बघत राहिले. पांढरा टब, कडेला मेणबत्ती, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या.

"भरतेश, मी हो म्हणालो, तर तीनशे वीस लिटर पाण्यातले जीव माझ्या 'हो'वर. नको म्हणालो, तर तिचे गुडघे माझ्या 'नको'वर. मुनीला यातलं एकही म्हणता येत नाही."

"मग मी काय करायचं?"

"मला जे सांगता येत नाही, ते तू विचारलंस. आता तुला सांगता येईल ते मी विचारतो. याचा काठ किती उंच?"

"तेवीस इंच." भरतेशला कॅटलॉग उघडावाही लागला नाही.

"तिचा पाय किती उचलतो?"

महाराजांनी बाजूचा लाकडी कमंडलू उचलला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. वीतभर उंच असेल.

"एवढा?"

"असेल."

"असेल?"

"बघितलं नाही, महाराज."

महाराजांनी कमंडलू पुन्हा जागेवर ठेवला. मला वाटलं, संपलं. भरतेशलाही तसंच वाटलं असावं. तो कॅटलॉग गोळा करू लागला.

"या चातुर्मासात तुझ्या घरी किती वेळा आहार झाला?"

भरतेशचा चेहरा खुलला. "चार वेळा, महाराज. गावात सगळ्यांत जास्त."

"कुणाकुणाच्या हातचा घास घेतला मी?"

"माझ्या. भावाच्या. वहिनीच्या."

"राजमतीच्या?"

"तिची आंघोळ झालेली नसते, महाराज. आहार देणाऱ्यानं न्हाऊन, धुतलेलं नेसून उभं राहायचं. तिला पाणी घालायला बाई येते ती दहाला. तुम्ही बाहेर पडता साडेनऊला."

"हं."

"शिवाय तिच्या बोटांत जोर नाही. भांडं पडलं तर?"

इथं एक सांगायला हवं. मुनी दिवसातून एकदाच जेवतात. उभ्यानं, दोन्ही हातांच्या ओंजळीत. त्या वेळी देणाऱ्याच्या हातून भांडं पडलं, तर जेवण तिथंच थांबतं. त्याला अंतराय म्हणतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही.

भरतेशच्या घरी अंतराय कधी झाला नव्हता. हेही तो चारचौघांत सांगायचा.

"म्हणजे कारणं दोन," महाराज म्हणाले.

"होय."

"खरं कोणतं?"

भरतेशनं कॅटलॉग पिशवीत कोंबले. महाराजांची सामायिकाची, ध्यानाला बसायची वेळ झाली होती. मोरपिसांची पिंछी घेऊन ते उठले आणि आत गेले.

*

पुढचं मला भरतेशनंच सांगितलं.

तो घरी गेला तेव्हा राजमती पडवीत खुर्चीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. बोटांनी फुटत नव्हत्या, म्हणून तळहाताखाली दाबून. भरतेशनं गाडीतून फाउंड्रीतली स्टीलची मोजपट्टी आणली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"जरा उभी राहा. पाय उचल बघू."

"कशाला?"

"उचल की."

तिनं भिंतीचा आधार घेतला आणि डावा पाय उचलला. साडेचार इंच. मग उजवा. पाच. भरतेशनं दोन्ही पुन्हा मोजले. तेवढेच भरले.

"हे कसलं माप?"

"टबाचं."

"टब माझ्या पायाच्या मापाचा करणार काय?"

"काठ तेवीस इंच आहे."

राजमती खुर्चीत बसली. हसली नाही, रागावलीही नाही.

"मग त्यात मला टाकणार कोण होतं?"

भरतेशनं याचा विचार केला नव्हता. अकरा टब, त्यांचे पंप, हीटर, पाइप, सगळ्याचा केला होता.

"नको का तुला टब?" त्यानं विचारलं.

"नको कशाला? हवा की. गळ्यापर्यंत पाण्यात बसून मला किती वर्षं झाली. माहेरी होते तोवर नदी पोहून पलीकडं जायचे मी." तिनं एक शेंग दाबली. "पण झोपून बघितलंत तुम्ही. दुखतंय मला."

त्या दिवशी भरतेश संध्याकाळी फाउंड्रीत परत गेला नाही. मागं न्हाणीघराच्या उघड्या चौथऱ्यावर जाऊन बसला. प्लंबरचा फोन आला. "थांब दोन दिवस," एवढंच म्हणाला.

सकाळी सहाला त्यानं विहिरीचं पाणी गाळून बंबात भरलं आणि बंब पेटवला. सातला राजमतीला म्हणाला, "चल."

"कुठं?"

"न्हायला."

"बाई येईल की दहाला."

"आज मी घालतो."

राजमतीनं त्याच्याकडं बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. "हे तुमचं काम नव्हे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "दार लावून घ्या."

त्याला काही येत नव्हतं. पहिला तांब्या फार गरम पडला. दुसरा डोक्यावरून थेट नाकातोंडात गेला.

"बेतानं. मी काय गाडी आहे धुवायला?"

तो थांबला. पाणी विसणून त्यानं बारीक धार धरली. पाठीवर धरली, कमरेवर धरली. ती काही बोलली नाही. मग धार मानेच्या खाली, खांद्याकडं सरकली.

"तिथं... तिथं धरा."

त्यानं धरली.

"अजून."

तीन तांबे तिथंच गेले. मग तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटांची पेरं सुजलेली, आंगठा आत वळलेला. त्यानं बोटांवर पाणी सोडलं. तिनं हळूहळू मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली.

"तळपायाला?" भरतेशनं विचारलं.

"पायाला नको. गुदगुल्या होतात."

बारा जेटमधले चार तिथंच गेले, असं भरतेश मला म्हणाला. पाठीचे आणि कमरेचे आठही तसे बिनकामाचेच होते. मान आणि बोटं, हे कॅटलॉगात नव्हतंच.

साडेनऊला दोघं दाराशी उभी राहिली. तिच्या अंगावर धुतलेलं पांढरं पातळ होतं, केस ओले. मुनी सकाळी आहाराला निघताना मनात एक अट धरून निघतात. ती जिथं जुळेल, त्याच दाराशी थांबतात. अट काय, ते कुणाला सांगत नाहीत. महाराज समोरून आले. "नमोस्तु महाराज, नमोस्तु," दोघं म्हणाली. महाराज पुढं गेले.

दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशीही.

भरतेश रोज पाणी घालत होता. आता पाणी विसणायला त्याला सांगावं लागत नव्हतं. न्हाल्यावर तासभर तिची बोटं बरी वळायची. त्या तासात ती स्वतःच्या हातानं वेणी घालायची. सहा वर्षं तिची वेणी वहिनी घालत होती.

रविवारी दुपारी तो तिला घेऊन कोल्हापूरला गेला. बारा जेटवाला टब तिथल्याच शोरूममध्ये होता. शोरूमच्या माणसानं भरतेशला ओळखलं.

"या साहेब. बारावाला फायनल ना?"

"यांना विचारा," भरतेश म्हणाला.

त्या माणसानं बारावाला दाखवला. राजमतीनं काठावर हात ठेवला आणि काढला. मग ती काठी टेकत सगळ्या टबांमधून फिरली. शेवटी कोपऱ्यात एक उभट टब होता, त्याला कडेला दार होतं. दार उघडून आत जायचं, आतल्या बैठकीवर बसायचं, दार लावायचं, मग पाणी सोडायचं. उंबरा पाच इंचांचा. भरतेशनं दोन महिन्यांत त्याच्याकडं बघितलंही नव्हतं. दिसायला तो टब वाटायचा नाही.

"हा पेशंट लोकांसाठी आहे मॅडम," शोरूमचा माणूस म्हणाला. "यात एक अडचण आहे. पाणी भरेपर्यंत आत कोरडंच बसून राहावं लागतं. आणि पाणी पूर्ण उतरल्याशिवाय दार उघडता येत नाही."

"बसेन की. मला कुठं जायचंय?"

ती दारातून आत गेली. डाव्या पायाला जरा जोर लागला. बसली. दार लावून घेतलं.

"मानेला धार येते का यात?"

"दोन जेट वर घेता येतात."

"आणि हाताला?"

"हाताला असं कुणी मागितलं नाही मॅडम... कडेचे दोन हवे तसे वळतात. एकूण पाच आहेत, उरलेला पाठीला."

तिनं कडेच्या जेटांसमोर हात धरून बघितले. कोरड्यातच. बराच वेळ.

"हा," ती म्हणाली.

तोच टब पुढं घरी आला. पण तो यायला तीन आठवडे लागणार होते, आणि त्याआधी मंगळवारची गोष्ट घडली.

*

मंगळवारी महाराज चौगुल्यांच्या दाराशी आले आणि थांबले. अट काय जुळली, कळायला मार्ग नव्हता.

मी त्या दिवशी तिथं होतो. महाराजांना तीन प्रदक्षिणा घालून झाल्या. पाय धुतले गेले. अन्नपाणी शुद्ध असल्याचं सांगून झालं. महाराजांनी उभं राहून ओंजळ जोडली. वहिनीनं आधी पाणी दिलं. मग भरतेश बाजूला सरकला आणि राजमती पुढं आली.

ती भिंतीला कंबर टेकून उभी होती. डाव्या हातात स्टीलची वाटी, वाटीत दूधभात. उजव्या हातानं लहानसा घास करायची, महाराजांच्या ओंजळीत सोडायची. महाराज खायचे. ओंजळ पुन्हा पुढं यायची. ती पुन्हा घास करायची.

तिचे ओठ हलत होते, णमोकार मंत्र चालला असावा.

भरतेश तिच्या कोपराशी उभा होता. त्याची नजर वाटीवर होती. वाटी जरा कलली की त्याचा हात पुढं यायचा. मग मागं जायचा.

वाटी पडली तेव्हा त्याचा हात मागं होता.

आवाज मोठा झाला. वाटी फरशीवर गरगरत भिंतीशी गेली आणि थांबली. दूधभात महाराजांच्या पायांपर्यंत उडाला.

महाराजांनी ओंजळ सोडली. हात धुतले, तोंड स्वच्छ केलं. राजमतीला आशीर्वादासाठी पिंछी उंचावली, कमंडलू उचलला आणि चालू लागले. ऑक्टोबरचं ऊन होतं. डांबरी रस्त्यावरून ते बस्तीपर्यंत अनवाणी गेले. आता उद्या सकाळपर्यंत पाणी नव्हतं.

घरात वहिनी फरशी पुसू लागली. राजमती खुर्चीत बसली होती. डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं दाबत होती.

"उद्यापासून मी आतच बसते," ती म्हणाली.

"बरं," भरतेश म्हणाला.

*

दुपारी तो बस्तीत आला. स्वाध्याय संपून लोक गेले होते. तो पहिल्या ओळीच्या जागी बसला नाही. खांबाशी उभा राहिला.

"बस," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

तो बसला.

"प्रायश्चित्त द्या, महाराज."

"कुणाला?"

"...घरी अंतराय झाला."

"झाला."

"आजवर कधी झाला नव्हता."

"नव्हता."

भरतेशनं नाक पुसलं. "टब रद्द करतो, महाराज. अजून यायचाय. नको म्हणून कळवतो. त्याच्याच नादात हे सगळं झालं. तेवढा त्याग माझ्याकडून."

"टब कुणाचा?"

"तिचा."

"मग त्याग कुणाचा?"

मी पोथी बांधायची थांबलो होतो.

"ती काय म्हणाली?" महाराजांनी विचारलं.

"उद्यापासून आतच बसते म्हणाली."

"आणि तू?"

"...बरं म्हणालो."

महाराजांनी डोळे मिटले. भरतेशला राहवलं नाही.

"तिच्या बोटांत जोर नाही, महाराज. मी पहिल्यापासून वाटीकडंच बघत होतो. आता पडेल, आता पडेल असं वाटत होतं. आणि पडलीच."

"त्याआधी घास किती झाले?"

"मोजले नाहीत."

"एकोणीस," महाराज म्हणाले. "एकोणीस घास खाल्ले मी तिच्या हातचे. तू तेव्हा कुठं होतास?"